संतरामकाकांचं नाक आणि मागची खोली

वसमतकडच्या आमच्या गोरेगावात हळद-मिरचीचं दुकान चालवणाऱ्या संतरामकाकांना आपल्या नाकाचा फार अभिमान. पोतं उघडायचीही गरज नाही, नुसतं हुंगून हळद वसमतची की दुसरीकडची हे ते सांगतात. अंदाज चुकला तर चूक हळदीची. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या समोरच, त्यामुळे हे मला रोज ऐकावं लागतं.

दुकानामागच्या खोलीत त्यांची सून पुनम पुड्या भरते. लग्न होऊन आल्यापासून दोन वर्षं ती सांगत होती, की त्या खोलीत पेट्रोलचा वास येतो आणि डोकं दुखतं. आता तिला पाचवा महिना लागलेला. काका म्हणायचे, "वीस वर्सं इथं बसून राहिलो मी. मला आला न्हाई तो वास? पोरगी नाजूक हाय जराशी." खरं तर आमच्या दुकानांचे गाळे बांधायच्या आधी तिथं पेट्रोल पंप होता आणि त्याची टाकी तशीच जमिनीत पुरलेली आहे, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. काकांनाही होतं.

मग एका कंपनीनं ते गाळे विकत घ्यायचं काढलं. जमिनीतून वर येणाऱ्या वाफेचा माणसांना किती धोका आहे, हे तपासायला पुण्याहून आकांक्षा नावाची मुलगी येणार होती. तिनं दोन दिवस आधी काकांना फोनवर बजावलं, "दुकान आहे तसं बंद ठेवा. काही म्हणजे काही करू नका."

आता आमच्याकडे पाहुणा "काही करू नका" म्हणाला, की निदान पोहे तरी करावेच लागतात. काका कामाला लागले. फरशी फिनाइलनं पुसली, शटरला ऑइलपेंट मारला, सकाळी धूप घातला आणि सगळी दारं उघडून, पांढरा सदरा घालून उभे राहिले.

आकांक्षा आली, तिनं एक श्वास घेतला आणि खुर्चीवर बसकण मारली.

"काका, हे सगळे वास माझ्या तपासणीत येणार. जमिनीतलं कुठलं आणि तुमचं कुठलं, कसं ओळखू?"

"आवं पण तुमी सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं होतं."

"तसं तर समदेच पाहुणे सांगतेत," असं म्हणून काकांनी पोह्यांची बशी पुढे केली.

मग ठरलं, की वास जाईपर्यंत मी दारं उघडी ठेवायची, नंतर चार दिवस शटर बंद. हळदीची पोती माझ्या दुकानात आली. माझे कागद अजून पिवळे आहेत. काका घरच्यांना घेऊन जवळा बाजारला बहिणीकडे गेले.

ते परतले त्या दिवशी आकांक्षानं शटर उघडायला लावलं. काका सवयीनं सगळ्यांच्या पुढे घुसले आणि मागच्या खोलीच्या दारातच थबकले.

"पेट्रोल कोणी सांडलं रे इथं?" त्यांनी मला विचारलं.

"कोणी नाही. किल्ली माझ्याकडेच होती."

चिडवायची इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती, पण त्यांचा चेहरा बघून माझं तोंड उघडेना. वर्षानुवर्षं रोज त्याच वासात बसलं की नाकाला तो कळेनासा होतो, असं आकांक्षानं त्यांना समजावलं. ते ऐकत होते की नाही, कोण जाणे.

तिनं फरशीला बारीक भोक पाडून नळी सोडली, हवा भरून घेणारा स्टीलचा डबा जोडला आणि फॉर्म काढला. कोण, किती वेळ तिथं बसतं, यावरही धोका ठरतो म्हणे.

"मागच्या खोलीत कोण असतं?"

"कोणी न्हाई, पोतीच," काका बोलून गेले. सून दुकानात राबते हे परक्याला सांगायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. पुनम दोन हातांच्या अंतरावरच उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते एकदम ओशाळले.

"थांबा, ते खोडा. माझी सून असती तिथं, पुनम. रोज पाच तास. लेकरू हाय तिच्या पोटात."

"आठ तास, मामा," पुनम हळूच म्हणाली. "तुमी दुपारी झोपाया जाता, तवाबी मी तिथंच असते."

काकांनी मान खाली घातली.

"आठ लिहा, ताई. आन दोन वर्सं झाली, तेबी लिहा."