डंकन साहेबाचा हमदू

शारजाच्या रोल्ला भागात हमदुल्ला परकारला कुणी ड्रायव्हर म्हटलेलं खपत नसे. तो स्वतःला ‘डंकन साहेबाचा माणूस’ म्हणवून घ्यायचा. राजापूरकडचा हा गडी वीस वर्षांपूर्वी शूटिंगवाल्यांच्या गाड्या चालवायला लागला, त्याच सुमारास डंकन हा गोरा लंडनहून कुठल्याशा प्रवासाच्या कार्यक्रमाचा असिस्टंट म्हणून आला होता. पुढे साहेब मुलांच्या मालिकेचे भाग करू लागला, मग पोलिसांची मोठी मालिका, मग अख्खा सिनेमा. साहेबाला तिकडे बक्षीस मिळालं तेव्हा इकडे बिल्डिंगभर पेढे हमदुल्लानं वाटले. बायको मैमुनाबी म्हणाली, “सिनेमा त्यांनी केला, घाम तुम्हाला सुटतोय.” त्यात टोमणा आहे हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

आणि त्याचा तोरा अगदीच पोकळ नव्हता. वाळवंटात जागा बघायला निघाले की साहेब पायी पुढे आणि हमदुल्ला गाडी घेऊन मागे. जमीन दगाबाज दिसली की दोनदा हॉर्न. तो वाजला की साहेब जागच्या जागी थांबायचा, का म्हणून विचारायचासुद्धा नाही. लंडनचा डायरेक्टर आपल्या हॉर्नवर थांबतो, ह्या एका सुखावर हमदुल्लानं वीस उन्हाळे काढले.

यंदा साहेब नवा सिनेमा घेऊन आला, आणि हमदुल्लानंच शब्द टाकून आपल्या मुलीला त्याच्या हाताखाली लावून दिलं. रुखसार दुबईत सिनेमाचं शिकलेली, हुशार पोर. पंधरा दिवसांत चित्र पालटलं. जो साहेब हमदुल्लाशेजारी बसून गप्पा मारायचा, तो आता मागे बसून रुखसारशी लेन्स नि सीनवर बोलू लागला. दोघं हसायची. हमदुल्लाच्या वाट्याला ‘लेफ्ट प्लीज, हमदू’ एवढंच उरलं.

सरळ सांगायचं तर तो जळत होता. परक्यावर जळला असता तर चारचौघांत बोलून मोकळा तरी झाला असता. पोटच्या पोरीवर जळणारा बाप कुणाला सांगणार? मैमुनाबी जेवताना कौतुकानं म्हणाली, “बापावर गेलीय हो पोर.” हा हात धुऊन ताटावरून उठला.

शेवटच्या मोठ्या सीनसाठी रुवैसकडे किनाऱ्यालगत पांढरी सपाट जागा हवी होती. साहेबाला मीटिंग होती. तो रुखसारला म्हणाला, “यू गो. हमदू विल बी विथ यू.” म्हणजे जागा निवडणार पोर आणि आपण नुसते सोबतीला! हमदुल्लाला मिरच्या झोंबल्या.

जागा सुरेख होती, पण होती सबखा. वर मिठाची कडक पापडी आणि खाली चिखल. त्यात आठवड्यापूर्वी पाऊस पडून गेलेला. माणूस चालला तर चालेल, ट्रक घातला की गेलाच. रुखसार फोटो काढत पुढे गेली आणि मध्येच वळून गाडीकडे बघत उभी राहिली. हमदुल्लाचा हात हॉर्नवर गेला होता. तो त्यानं उचलून मांडीवर ठेवला. एवढी शिकलीय ना, मग कळू दे तिचं तिला. तो मूग गिळून बसला आणि रुखसारनं जागा पक्की केली.

चौथ्या दिवशी क्रेनचा ट्रक पन्नास पावलं गेला आणि चाकं दिसेनाशी होईपर्यंत रुतला. कुणाला लागलं नाही, पण शूटिंग खलास. प्रोड्यूसर बाई तणतणत आली, “हू क्लिअर्ड दिस?” रुखसारनं हात वर केला. बाईनं तिथल्या तिथे तिला काढून टाकायची भाषा केली. आणि हमदुल्लाला, अल्ला माफ करो, आधी बरं वाटलं.

तेवढ्यात साहेब शांतपणे म्हणाला, “रुखसार, डिड ही ब्लो द हॉर्न?”

हमदुल्लाला आता उलगडा झाला. म्हणजे हॉर्नचा नियम साहेबानं तिला सांगितला होता. हॉर्न वाजत नाही, म्हणजे अब्बांना जमीन पसंत आहे, असं धरून ती पुढे गेली होती. आता ‘नाही’ एवढंच म्हणाली असती तर तिची नोकरी वाचली असती आणि बापाची वीस वर्षं मातीत गेली असती. तिनं बापाकडे पाहिलं.

“ही डिड,” ती म्हणाली. “ट्वाइस. आय डिडन्ट स्टॉप.”

हमदुल्लाची अब्रू जशीच्या तशी शाबूत होती. त्याला फक्त गप्प राहायचं होतं, आणि चार दिवस तो तेच तर करत आला होता.

“नो सर,” तो म्हणाला. “झूट बोलती है. नो हॉर्न. मेरे को दिखा था, फिर भी नहीं बजाया.”

साहेब गोंधळला. “बट व्हाय, हमदू?”

हमदुल्लाचं इंग्रजी तोडकंमोडकं, पण इथे लागणारा शब्द त्याला ठाऊक होता. पोरीकडे बघायची छाती झाली नाही, म्हणून तो ट्रककडे बघत म्हणाला, “जेलस, सर. माय ओन डॉटर.”

खोटं बोलताना रुखसारचा आवाज जराही कापला नव्हता. हे खरं ऐकल्यावर मात्र ती सगळ्या युनिटसमोर रडू लागली.