हळू चालवायची नोकरी

हेनी आयसिंगच्या योरिटला गाडी हळू चालवायची नोकरी होती, असं सांगितलं तर कुणालाही वाटेल की पोरगा शाळेची बस चालवत असणार. नाही हो! शर्यतीतला ड्रायव्हर होता तो. आणि चांगला होता, हीच तर सगळी बोंब.

आमच्या गावातून असनचा शर्यतीचा ट्रॅक सायकलवर जाण्याइतका जवळ. वारा तिकडून असला की रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या प्रवचनात मोटारसायकलींची घरघर मिसळते, आणि पाद्रीबाबाही मेले तेवढ्यापुरते थांबून कान देतात. तरीही गावातल्या कुणा पोरानं शर्यतीत नाव काढलं नव्हतं. योरिट सात-आठ वर्षांचा असेल, तेव्हा त्याचा बाप लामर्ट एक दिवस जुनी कार्ट घेऊन घरी आला. लामर्ट गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो. कार्ट म्हणजे चार छोटी चाकं, एक इंजिन आणि बुडाखाली पत्रा, बाकी काही नाही.

"हे काय रे? तू भांडी धुवायचं मशीन आणायला गेला होतास ना?" हेनीनं विचारलं.

"ते पुढच्या महिन्यात आणू," लामर्ट म्हणाला. ते मशीन त्या घरात आजतागायत आलेलं नाही.

वसंतात बटाट्याची वखार रिकामी असते. तिथल्या गुळगुळीत फरशीवर, रचलेल्या लाकडी पेट्यांच्या मधून योरिट गोल गोल फिरायला लागला. आधी पेट्यांना धडकला, मग धडकायचा थांबला, आणि मग इतका जवळून जायला लागला की लामर्टला बघवेना. हेनी मात्र बघत राहिली. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात सकाळपासून राबून आलेली बाई, पण पोरगा फिरत असेपर्यंत दारातून हलायची नाही.

पुढची दहा वर्षं आयसिंगांच्या घरात रविवार असा राहिलाच नाही. शनिवारी पहाटे व्हॅन भरायची, ब्रेडला पीनट बटर लावून डबे भरायचे, थर्मासमध्ये कॉफी, आणि निघायचं; कधी देशाच्या दुसऱ्या टोकाला, कधी बेल्जियममध्ये. तिथं हेनी चिखलात गुडघे टेकून बसायची. टायर गरम हवेनं तापवून त्यावर चिकटलेलं रबर आणि खडे पातीनं खरवडून काढायची. तिच्याइतकं साफ कुणी खरवडत नसे, दुसऱ्यांचे बाप तिला विचारायला यायचे, "हेनी, पाती कुठून घेतलीस गं?" ती म्हणायची, "स्वयंपाकघरातून. तुझ्या बायकोला विचार, तुला हात लावू देते का ते."

योरिट जिंकायचा. पावसात तर हमखास. पण कार्टच्या पुढची पायरी आली आणि घोडं पैशांपाशी अडलं. त्याहून मोठ्या गाड्यांचा एक मोसम कसाबसा झाला. मग घरात विकण्यासारखं काही उरलं नाही, आणि पोरगा वखारीत बटाट्याच्या पेट्या उचलायला लागला. तेव्हा त्याला रीनस ब्राउवरचा फोन आला.

रीनसची टीम लांब पल्ल्याच्या शर्यतीतली. तिथं गाडी एक आणि ड्रायव्हर तीन. तासन् तास शर्यत चालते, एक उतरला की दुसरा बसतो. आणि सगळ्यांचं पारडं सारखं राहावं म्हणून ड्रायव्हरांना दर्जे दिलेले: ब्राँझ, चांदी, सोनं. रीनसच्या वर्गात नियम असा, की गाडीत एक ब्राँझवाला हवाच आणि एक चांदीवाला हवाच. ब्राँझवाला म्हणजे हौशी श्रीमंत. रीनसकडे भाज्यांच्या बियाण्यांचा एक व्यापारी होता, गाडीचा खर्च त्याचाच. सोनेवाला गाडी बनवणारा कारखाना देतो. खरी मेख चांदीवाल्यात. कागदावर चांदी आणि हातात सोनं असा पोरगा ज्याला सापडला, त्याची टीम पुढे.

रीनसनं पहिल्याच दिवशी योरिटला समोर बसवून सांगितलं. "तू किती पळतोस हे मला कळलं, पुरे झालं. दर्जा देणाऱ्यांना कळता कामा नये. त्यांनी तुला सोन्यात टाकलं की माझ्या गाडीत तुला जागा नाही. लक्षात ठेव."

"मग मी करू काय?"

"थोडं आधी ब्रेक मार. शेवटच्या वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचल. कुणी विचारलं तर सांग, टायर जपत होतो."

हे काही रीनस एकटाच करत नव्हता बरं. सगळेच करतात, सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे मूग गिळून बसतात. योरिटला जागा हवी होती. तो तयार झाला. बटाट्याच्या पेट्यांपेक्षा बरंच की!

पहिलं वर्ष मजेत गेलं. आपण जगाला फसवतोय याची त्या वयात गंमतच वाटते. दुसऱ्या वर्षी गंमत ओसरली. गावात कुणाला हे सांगायची सोय नव्हती, त्यामुळे लोकांना दिसायचं ते एवढंच, की आयसिंगांचा पोरगा टीव्हीवर येतो आणि मागे पडतो. कुणाचाही वाढदिवस असो, आम्ही सगळे खुर्च्यांचं कडं करून केक खात बसतो, आणि त्या कड्यातून सुटका नसते. शेजारचा हिल्बर्ट, बीट पिकवतो म्हणून बीटवाला, हटकून म्हणायचा, "काय हेनी, योरिट परत मागेच? माझा ट्रॅक्टर देऊ का त्याला?"

सगळे खो खो हसायचे. हेनीच्या जिभेवर उत्तर तयार असायचं. आयुष्यात कुणाचं ऐकून न घेतलेली बाई ती! पण बोलली असती तर पोराची जागा गेली असती. मग ती केकमध्ये काटा खुपसून गप्प बसायची. लामर्ट छताकडे बघायचा.

तिसऱ्या वर्षी योरिट घरात बोलेनासा झाला. यायचा, जेवायचा, वर जायचा. हेनीला ट्रॅकवर जे दिसायचं ते आणखी वाईट होतं. लहानपणापासून प्रत्येक फेरी बघितलेली तिनं. तो वळणात शिरताना हेल्मेट किती कलतं यावरून ती त्याचं मन सांगायची. आता हेल्मेट कलतच नव्हतं. आधी तो मुद्दाम पाय उचलतोय हे तिला कळायचं. आता कळेना.

एका संध्याकाळी ती बटाटे सोलत असताना तो तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"मला आताशा समजतच नाही. मी मुद्दाम हळू चालवतो, की मला तेवढंच येतं?"

हेनीनं हातातला बटाटा पाण्यात टाकला. ती म्हणाली, "वेडा आहेस का रे? तुला येत नाही तर कुणाला येतं?" पण आवाजात जोर आला नाही, आणि ते त्यालाही ऐकू गेलं. तो "बरं" म्हणून वर गेला. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. जागा टिकवायची म्हणून पोरगाच हातचा चालला होता, आणि ती काय करत होती? केक खात होती.

उन्हाळ्यात असनला शर्यत आली. घरची शर्यत म्हणून सगळा गाव लोटला होता. टीमसाठी खिम्याचे गोळे आणि ब्रेड करून नेणं हे हेनीचं दरवर्षीचं काम. रीनस त्यावर जीव टाकायचा. शेवटची पाळी योरिटची होती. तो हातमोजे चढवत असताना हेनी ताटली ठेवून त्याच्याकडे गेली. इतक्या वर्षांत शर्यतीआधी तिनं त्याला कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. ते काम लामर्टचं.

"योरिट, आज चालव."

"म्हणजे?"

"तुला येतं तसं चालव. एकदा. तुझं तुला कळू दे."

"आई, जागा जाईल."

"गेली तर गेली. बघू पुढचं पुढे."

 त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली आणि गाडीत जाऊन बसला.

गाडी तिसरी होती आणि रीनसला तिसरा नंबर चालणार होता. पहिल्या दोन फेऱ्या योरिट नेहमीसारखा फिरला. तिसऱ्या फेरीत हेनीला हेल्मेट कललेलं दिसलं. तिनं लामर्टचं मनगट इतकं आवळलं की तो ओरडला. त्यानंतर जे झालं ते गावातली माणसं अजून सांगतात. पुढच्या दोन्ही गाड्यांत सोनेवाले बसले होते, नावाजलेले, कारखान्यांचे पगारी. पहिल्याला त्यानं वळणाच्या आतून मागे टाकलं. रीनस गॅरेजमध्ये कानाला यंत्र लावून घसा फोडत होता, "टायर जप! योरिट, ऐकतोस का? अरे टायर जप ना!"  दुसऱ्याला त्यानं बाहेरून मागे टाकलं, जिथून कुणी पुढे जात नाही. हिल्बर्ट बीटवाला कठड्यावर चढून लहान पोरासारखा रडत होता. आपला पोरगा आहे, आपला पोरगा आहे, असं अनोळखी माणसांना हलवून हलवून सांगत होता.

त्या दिवशीची सगळ्यांत वेगवान फेरी योरिटची होती. सोनेवाल्यांपेक्षाही वेगवान.

गाडीतून उतरला तो थेट हेनीकडे आला. घामानं निथळत होता. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, "येतं, आई. येतं मला." हेनीला त्या क्षणी जगात दुसरं काही नको होतं. इतकं खरं सुख तिला पुन्हा मिळालं नाही, हे तिच्यादेखत सांगायला मी घाबरणार नाही.

रीनसनं करंडक घेतला, फोटो काढले, सगळ्यांशी हात मिळवले. मग कोपऱ्यात जाऊन खुर्चीवर बसला आणि हेनीनं पुढे केलेल्या ताटलीला नको म्हणाला.

डिसेंबरात, रात्री खाऊ घेऊन येणाऱ्या सिंटरक्लाससाठी गावातल्या पोरांनी बूट मांडून ठेवले होते त्या आठवड्यात, रीनसचा फोन आला. योरिट सोन्यात गेला होता. हेनीनं पोराच्या हातातून फोन हिसकावला.

"रीनस, लाज वाटत नाही? तुला जिंकून दिलं पोरानं!"

"हेनी, मला का आनंद झालाय?" रीनसचा आवाज खरंच पडलेला होता. "मला चांदीवाला लागतो. नियम आहे, मी नाही केला."

"मग सोनेवाल्याच्या जागी घे त्याला."

"तिथं कारखाना मला नाव असलेला माणूस देतो, पगार त्यांचा. तो सोडून योरिटला घेतलं तर बियाणेवाला मला दारात उभं करणार नाही. माझ्यासाठी पोरगा जास्त चांगला आहे आणि त्यांच्यासाठी पुरेसा नाही. तूच सांग, मी काय करू?"

 शिव्या द्यायलाही माणूस समोर नव्हता, आणि होता तोही वाईट नव्हता. योरिटनं सगळीकडे विचारलं. जो तो म्हणे, अरेरे, चांदीत असतास तर उद्याच घेतला असता. लामर्टनं दर्जा देणाऱ्या कचेरीला फोन लावला. तिथली बाई फार गोड बोलली. दर्जा खाली येऊ शकतो, म्हणाली. मुलानं एक-दोन मोसम हळू चालवून दाखवावं.

"पण बाई, हळू चालवायला गाडी कुठाय त्याच्याकडे?"

"ते मात्र तुम्हालाच बघावं लागेल," बाई म्हणाली.

लामर्टनं फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. योरिट परत वखारीत जायला लागला. हेनीला त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही. उलट जेवताना बोलायला लागला होता, हसायलाही. ते हसणं हेनीला बघवत नसे, ती उठून भांडी घासायला लागायची.

वसंतात रीनसचा पुन्हा फोन. नवा चांदीवाला मिळाला होता. वाला कसला, पोरगी होती, मेरेल नावाची, एकोणीस वर्षांची, झीलंडकडची. हात सोन्याचे, पण डोक्यात वारं शिरलेलं. पाय उचलायला तयार नाही. "योरिट, तू ये आणि तिला शिकव. कुठं किती सोडायचं, कुणाला न दिसता कसं सोडायचं. तुझ्याइतकं ते कुणाला येत नाही."

हेनीला वाटलं, पोरगा फोन आपटेल. तो म्हणाला, "कधी येऊ?"

आणि तो गेला. काय करणार होता दुसरं? निदान गाडीचा वास तरी मिळतो.

उन्हाळ्यात असनला हेनी पुन्हा गोळे आणि ब्रेड घेऊन गेली. जायचं नव्हतं तिला, पण योरिट म्हणाला, "ये गं, सगळे विचारतात तुला." गॅरेजच्या मागे योरिट आणि मेरेल ट्रॅकचा नकाशा पसरून बसले होते. तो एकेका वळणावर बोट ठेवून सांगत होता आणि पोरगी जीव लावून ऐकत होती. हेनीला दोघांनीही पाहिलं नाही. रीनस तिच्या शेजारी येऊन भरल्या तोंडानं म्हणाला, "असा मास्तर शोधून सापडायचा नाही, हेनी. पुढच्या वर्षीही ठेवतो त्याला." ती "हं" म्हणाली.

मेरेलनं नकाशावरून मान वर केली. "एक विचारू, योरिट? एवढं सगळं माहीत होतं तुला. मग त्या दिवशी तू पाय का नाही उचललास?"

आता योरिटला आई दिसली. ताटली हातात धरून ती तिथंच उभी होती, आणि तिला तोंड फिरवायलाही सुचलं नाही. मी सांगितलं होतं गं त्याला, मीच, हे तिच्या अगदी ओठावर आलं.

"डोक्यात हवा गेली होती माझ्या," योरिट म्हणाला. "गाव बघायला आलेला ना. माझीच चूक."

"कुणी चिथावलं नव्हतं?"

"छे! आईनं तर बजावलं होतं, जपून चालव म्हणून." तो हेनीकडे बघून हसला. "हो ना, आई?"

रीनस तिच्याकडे बघत होता, पोरगी बघत होती. हेनीनं मान हलवली.