वल्हं खुंटीला लागेपर्यंत

पंचाचा निर्णय चुकीचा होता, यावर ट्रूडीच्या बारमध्ये त्या रविवारी बेचाळीस माणसांचं एकमत झालं. त्या बारमध्ये एवढं एकमत याआधी कशावरच झालं नव्हतं, गळक्या छपरावरही नाही. त्रेचाळिसावा माणूस व्हर्लिन डेकेन. तो म्हणाला, "फाउल होता."

सामना अमेरिकन फुटबॉलचा, हातांनी चेंडू फेकायचा. शेवटच्या मिनिटात समोरच्यांनी लांब पास फेकला, आपल्या पोराने त्यांच्या गड्याला अडवलं, चेंडू जमिनीवर पडला, म्हणजे पास वाया गेला, आणि अख्खा बार उभा राहून नाचायला लागला. तेवढ्यात टीव्हीच्या कोपऱ्यातून पंचाचा पिवळा रुमाल उडत आला, फाउलची खूण. चेंडू पोचायच्या आत गड्याला धरलं, म्हणे. त्यांना फुकटात पुढे सरकायला मिळालं, त्यांनी तीन गुण घेतले आणि आपण दोन गुणांनी हरलो.

"डोळे आहेत की भोकं?" नॉर्ब लॅम्पेरूर टीव्हीवर ओरडला. "हात लागलाय नुसता! माझी आजी याच्यापेक्षा जोरात मिठी मारायची!"

"जर्सी ओढली," व्हर्लिन म्हणाला. "कोपर बघ."

"तू कुणाच्या बाजूचा रे?"

"कुणाच्याच नाही."

विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात रविवारी दुपारी कुणाच्याच बाजूचं नसणं हा फितुरीचाच प्रकार, फक्त जरा जास्त निर्लज्ज.

व्हर्लिनला याची सवय होती. अडतीस वर्षं त्याने कागदगिरणीत काढली, आणि त्यातली एकतीस वर्षं दर शुक्रवारी संध्याकाळी पट्ट्यापट्ट्यांचा सदरा चढवून शाळांच्या सामन्यांत पंचगिरी केली. एका साली त्याने गावच्याच पोरांविरुद्ध रुमाल टाकला, तेव्हा त्याच्या दारातल्या टपालपेटीने बॅटीचा मार खाल्ला. त्याने दुसरी पेटी बसवली. तीही गेली. तिसरी त्याने लोखंडी खांबावर बसवली, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा गावच्याच पोरांविरुद्ध रुमाल टाकला. पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या पंचाने त्याला एकच गोष्ट शिकवली होती: चेंडूकडे बघायचं नाही. चेंडूकडे सगळं जग बघत असतं, आपण हात बघायचे.

गाव त्याला माफ करत आलं ते बूया नावाच्या रश्श्यामुळे. मिनेसोटावाले खेळायला येतात त्या रविवारी ट्रूडीच्या अंगणात भल्यामोठ्या हंड्यात कोंबडी, बैलाचं शेपूट, बटाटे, कोबी असं सगळं उजाडल्यापासून शिजत असतं, आणि ते लाकडी वल्ह्याने ढवळायचा मान डेकेनांचा. आधी बापाचा, मग सव्वीस वर्षं व्हर्लिनचा. हातातलं वल्हं थांबू द्यायचं नाही, तळाला काही लागू द्यायचं नाही, एवढंच त्यातलं शास्त्र.

मंगळवारी ट्रूडीने त्याला बाजूला घेतलं. "लोकांनी मत घेतलं, व्हर्लिन. बोललास ते मागे घे, वल्हं तुझं. नाहीतर या रविवारी मिनेसोटावाले येतील तेव्हा नॉर्ब ढवळणार."

"नॉर्बला कॉफी ढवळता येत नाही!"

"ते मला माहीत आहे. पण त्याला पंच आंधळा वाटतो."

व्हर्लिन तापला तो चार दिवस निवला नाही. शुक्रवारी तळलेला मासा पुढ्यात थंड होत होता आणि तो बायकोला, आर्डिसला, सांगत होता, "टपालपेट्या फोडल्या तेव्हा मी बधलो नाही. आता एका लाकडासाठी खोटं बोलू? काय समजलेत काय हे लोक मला?"

"मासा खा," आर्डिस म्हणाली.

शनिवारी दुपारी त्याने पुरावा म्हणून तो पास तिला टीव्हीवर दाखवला. एकदा, दोनदा, नऊदा. "हात बघ. कोपर बघ."

"चेंडू असा वाकडा का फिरला?" आर्डिसने विचारलं.

"चेंडूकडे बघू नकोस."

"मग कशाकडे बघू? मॅच चेंडूचीच आहे ना?"

व्हर्लिनने चित्र मागे नेलं, थांबवलं, आणि आयुष्यात प्रथमच चेंडूकडे पाहिलं. पास हातातून सुटता सुटता पुढच्या फळीतल्या आपल्या एका आडदांड गड्याचं बोट चेंडूला लागलं होतं. पुसटसं, पण लागलं होतं. आणि चेंडूला असं बोट लागलं की पुढची ती धरपकड फाउल ठरत नाही. रुमाल चुकीचा होता. मैदानावर कुणाला दिसलं नव्हतं, वर पडद्यासमोर बसलेल्या पंचांनाही नाही. बारमधल्या बेचाळीस जणांनाही नाही. ते बरोबर निघाले होते ते निव्वळ आंधळेपणाने.

"झालं तर मग," आर्डिस म्हणाली. "जा, सांगून टाक. वल्हं मिळेल."

"म्हणूनच सांगता येत नाही!" व्हर्लिन कडाडला. "उद्या खरं बोललो तर ते म्हणतील, वल्ह्यासाठी विकला गेला. या गाढवांनी खऱ्याला किंमत लावून ठेवलीय!"

रविवारी सकाळी तो अंगणात गेला, स्टुलावर बसला आणि गुपचूप कांदे चिरायला लागला.

"काय पंचसाहेब," नॉर्ब हंड्यापाशी उभा राहून म्हणाला, "कांद्याने डोळे साफ होतात म्हणे!"

लोक हसले. व्हर्लिन कांदा चिरत राहिला.

मग आजच्या सामन्याची चर्चा निघाली. मिनेसोटावाल्यांचा पास फेकणारा गडी, क्वार्टरबॅक, डावीकडे पळतो की उजवीकडे, समोरच्यांवर धडकणारा आपला टॅकल दुखऱ्या गुडघ्याने त्याला रोखणार कसा, आणि पंच म्हणून आज कोणता आंधळा पाठवलाय. नॉर्बची याबाबत ठाम मतं होती. ती नीट समजावीत म्हणून त्याने वल्हं हंड्यातून काढलं आणि मातीत व्यूह आखला. अकरा आपले, अकरा त्यांचे. सगळे वाकून बघायला लागले.

व्हर्लिनच्या नाकात करपट वास शिरला. त्याने सुरी घट्ट धरली आणि तोंड आणखी घट्ट मिटलं.

बूया सगळ्यांनी खाल्लं. मीठ-मिरीच्या बाटल्या मात्र फार फिरल्या. सामना आपण जिंकलो. शेवटी आपल्या बाजूने एक पिवळा रुमाल पडला. तो बरोबर होता का, हा प्रश्न बेचाळीस जणांपैकी एकालाही पडला नाही.

ट्रूडीने हंडा उपडा केला, वल्हं धुतलं आणि खुंटीला लावलं. तेव्हा व्हर्लिन उठला.

"गेल्या रविवारचा रुमाल चुकीचा होता," तो म्हणाला. "चेंडूला आधीच बोट लागलं होतं. जर्सी ओढली हे खरंच, तिथे तुम्ही चुकलात. पण निर्णय चुकला, आणि मीही."

मग नॉर्बने विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

"काल दुपारी."

"काल!" नॉर्ब लालबुंद झाला. "मग सकाळी बोलला का नाहीस, नालायका? आम्ही सगळ्यांनी करपलेलं खाल्लं!"

"सकाळी बोललो असतो तर तुम्हाला खरं वाटलं नसतं."

"आत्ता तरी कुठे वाटतंय!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि बेचाळीस जणांचं पुन्हा एकमत झालं.