आईच्या दोरीला हात लावू नका

आईचा डावा हात गेला, तेव्हा गावातल्या बायकांनी तिला जी मदत केली ती थांबवणं हे माझं त्या वर्षातलं सगळ्यात अवघड काम होतं.

मी बोईसरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. आई तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळ किनाऱ्यावर भाऊ-वहिनीपाशी राहते. तिने जन्मभर बोंबील वाळवले. गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी चहाची बशी तिच्या हातातून निसटली आणि तोंड वाकडं झालं. वहिनीने लिंबू-पाणी, तेल-मालीश यात वेळ न घालवता सरळ रिक्षा बोलावली. स्ट्रोक होता. जीव वाचला, पायही हळूहळू चालू लागला. हात मात्र मांडीवर दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा पडून असायचा.

दवाखान्यात शेजारच्या खाटेवर सालवडचा एक कामगार होता. त्यालाही स्ट्रोकच, तोही डाव्या बाजूला. तो आठवड्याभरात वाटी धरायला लागला. आई ते बघायची आणि भिंतीकडे तोंड करायची. भाऊ म्हणाला, "आई, तू जोरच लावत नाहीस." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

मला प्रश्न कागदावर उतरवले की धीर येतो. तसे ते घेऊन मी डॉक्टरांसमोर बसले. आई आणि भाऊही होते. पहिलाच प्रश्न त्या शेजाऱ्याचा होता.

"दुसऱ्या पेशंटचं मी बोलणार नाही," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आईचं बोलू." त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली. "घाव हा एवढाच. लहान आहे. पण हे बाकीचं बघा." कापूस पिंजून टाकावा तसे पांढुरके डाग सगळीकडे होते. "मेंदूच्या आतल्या भागात निरोप नेणाऱ्या तारा असतात. घाव झाला की मेंदू उरलेल्या तारांवरून नवी वाट काढतो. यांच्या तारा वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने झिजल्यात. म्हणून उशीर. आळस नाही हा."

आई फिल्मकडे वाकून बघत होती. आता म्हणाली, "म्हंजे वीज शेजारीच बनते आन् बत्ती आमचीच जाते, तसंच हाय म्हना."

डॉक्टर हसले. मी विचारलं, "या तारा नव्या होतील?"

"नाही. पण आणखी झिजू द्यायच्या नाहीत. गोळी चुकवायची नाही, मीठ कमी, रोज चालणं. आणि ज्या धड आहेत त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. तेच तेच, पुन्हा पुन्हा. वेळ जास्त लागेल, एवढंच."

 परत येताना रिक्षात भावाने खाली वाकून आईची चप्पल नीट सरकवली.

वहिनीने खारवलेल्या मासळीची बरणी शेजारी देऊन टाकली. आईने दोन दिवस जेवणावर राग काढला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने रबरी चेंडू दाबायला दिला, तर आई म्हणाली, "मी काय कुत्रा हाय?" मुलगी शहाणी होती. तिने विचारलं, "आजी, या हातांनी तुम्ही काय करायचात?" आईने किनाऱ्याकडे मान केली. "मग तेच करू," ती म्हणाली.

बोंबलाला मीठ लागत नाही, नुसतं ऊन लागतं. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि ती जोडी बांबूला बांधलेल्या दोरीवर टाकायची. एका हाताचं हे काम नव्हेच. त्यामुळे मला ते फार पटलं.

पण आमच्याकडे बाई आजारी पडली की तिच्या दोऱ्या कोणी रिकाम्या ठेवत नाही. आधी तिच्या भरतात, मग आपल्या. सांगावं लागत नाही. आई खुर्चीत पाहुण्यासारखी बसायची आणि तिच्या दोऱ्या भरलेल्या असायच्या. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "खालची दोरी आईसाठी मोकळी सोडा. हात लावू नका."

बायका थबकल्या. आईच्या लहानपणापासूनच्या मैत्रिणीने, जिला मी मावशी म्हणते, मला धरलं. "आजारी आईला कामाला लावतीस? शिकलेली ना गो तू?"

मी तारांचं सांगायला गेले, पण ते मला धड जमेना. शेवटी आईच खुर्चीतून म्हणाली, "तिचं आयका. माझी दोरी सोडा."

"आन् बोंबील वालूत पडले त?"

"पडूं दे. मांजरी उपाशीच हायत."

पडलेही. डाव्या हातात बोंबील धरायचा, तर बोटं मिटायची नाहीत. मिटली तर सुटायची नाहीत. एकदा तिने पाटीच लाथाडली. मी शनिवारी-रविवारी जायचे, इतर दिवशी वहिनी. सकाळी रक्तदाब मोजून, गोळी देऊन आणि समुद्राकडेने फिरवून मगच दोरीपाशी. दिवाळीनंतर पहिली जोडी अडकली आणि दोरीवर टिकली. आई तिच्याकडे संशयाने बघत राहिली, पडेल म्हणून. नंतर पुन्हा महिनाभर काही खरं नव्हतं. मग हळूहळू एक हातभर दोरी, मग अर्धी. पालघरला तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी बोट पुढे केलं, "दाबा." तिने असं दाबलं की ते "बास, बास" म्हणाले. बोटं आजही सकाळी आखडलेली असतात, गोळ्या कायमच्या आहेत, हे मी विसरत नाही.

होळीच्या आधी एका रविवारी आई शेवटच्या टोकाशी आली होती. उजव्या हातात बोंबील होता. आधीची एक जोडी घसरायला लागली आणि मावशीला राहवेना. तिने ती सावरायला हात पुढे केला. आईने फाडकन तिच्या मनगटावर मारली. डाव्या हाताने. विचार न करता.

सगळ्या बायका वळल्या.

"मारतीस काय गो म्हातारे?"

"हात हाय त मारनारच."

मावशीने मनगट चोळलं. मग ते उंच धरून ती दोऱ्यांच्या रांगांमधून निघाली. दिसेल त्या बाईपुढे ते नाचवत, किनाराभर ओरडत होती, "बगा, बगा! लागलं मना! चांगलंच लागलं!"