चाड्यावरची मूठ

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यात मोहनसिंगसारखी पेरणी कुणाची नव्हती. तिफणीच्या चाड्यावर, बी सोडायच्या नरसाळ्यावर, त्यानं बियाण्याची मूठ धरली, की ज्वारी अशी एकसारखी उगवायची, की पाहणाऱ्यानं पाहतच राहावं. म्हणून २००२ साली त्याच्या हातची ज्वारी कुठं झुपक्यानं आली आणि कुठं उगवलीच नाही, तेव्हा तांड्याला जे समजायचं ते समजलं. गडी पुन्हा प्यायला लागला!

सेवालाल महाराजांपुढं शपथ घेऊन त्यानं दारू सोडली होती. पण आता पाय फाकवून झोकांड्या देत चालायचा, बशीतला चहा सांडायचा, सदऱ्याच्या गुंड्या लागायच्या नाहीत. शपथ मोडली नाही, तर मग हे सोंग कशाचं? बायको नीलाबाई रोज त्याचं तोंड हुंगायची. वास येत नसे, आणि त्यामुळंच तिचा संशय बळावे. नक्कीच वेलदोडा चघळून येत असणार! एकदा तिनं नाक्यावरच्या ढाब्यामागं उभं राहून पाळतही ठेवली. मोहनसिंग आला, पाणी प्याला, गेला. मेला भारी हुशार, असं पुटपुटत ती परतली.

"घेतली न्हाई गं. हातच बधीर झालेत माझे," तो म्हणायचा.

"जीभ बरी चालून राहिली तुमची!"

शेवटी तांड्याचा प्रमुख असलेल्या नायक शंकरसिंगनं बैठक बोलावली. "नीलाबाई, तूच सांग. पिऊन राहिला का ह्यो?"

नीलाबाई उभी राहिली आणि "व्हय" म्हणाली. तेव्हापासून मोहनसिंगच्या हाती कुणी बियाणं दिलं नाही. तो ओट्यावर मान खाली घालून बसायचा. लोकांना वाटायचं, शरमेनं घातलीय.

दोन वर्षांनी एका सकाळी त्याचे पाय हलेनात. नांदेडच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. मानेच्या मणक्यांना बांधणारी आतली पट्टी हाडासारखी टणक होऊन मज्जारज्जू दाबत होती.

"त्यात मानही पुढं वाकलीय," डॉक्टर म्हणाले. "नुसतं मागून हाड काढून दाब हटायचा नाही. मान सरळ करून मणके स्क्रूनं बांधावे लागतील. उरलंय ते वाचेल. गेलं ते बहुतेक परत येणार नाही."

"दारूनंच झालं ना, साहेब?" नीलाबाईनं विचारलं.

"दारूचा काय संबंध? हात बिघडले तेव्हाच का नाही आणलं यांना?"



"मीच आलो न्हाई, साहेब," मोहनसिंग म्हणाला. "ही लई मागं लागली व्हती."

त्यानं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, तरी तिला एवढं लागलं नसतं.