टोपलीतली प्लास्टिकची पापलेटं

"खरी मासळी नको, पाहुण्यांना वास येईल," असं म्हणत सरांनी माझ्या टोपलीत प्लास्टिकची पापलेटं रचली. मी लुगडं नेसून, टोपली डोक्यावर घेऊन सभागृहाच्या दारात उभी. वर्गातली बाकी मुलं कोट घालून आत बसलेली. माझा कोट पिशवीत होता.

आमचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम तिघांनी मिळून काढलेला. शिकवणार विद्यापीठ, इंटर्नशिप बोईसरच्या कारखान्यात, वर सरकारचा हात. त्या दिवशी पालघरला पुढच्या करारावर सह्या होत्या. कारखान्यात केलेल्या कामावर मी बोलायचं ठरलं होतं. भाषण घोकून घोकून पाठ झालं होतं. आदल्या संध्याकाळी सरांचा फोन आला. भाषण राहू दे, लुगडं नेसून ये, तू आपल्या किनारपट्टीचा चेहरा आहेस. मी हो म्हणाले.

आईने ठेवणीतलं लुगडं काढलं, स्वतः नेसवलं. पोरगी भाषण करणार म्हणून तिने आळीभर सांगून ठेवलं होतं. खरं सांगायला माझी जीभच रेटली नाही.

मला मंचावर नेलं, तिथे कंपनीच्या साहेबांनी टोपलीतलं एक पापलेट उचलून नाकाला लावलं. "वाह, एकदम फ्रेश!" सगळे हसले. माझा वर्गही. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग फोटो. सरकारी खात्याच्या मॅडम म्हणाल्या, "लाभार्थीला जरा पुढे घ्या."

लाभार्थी. प्रवेश परीक्षा देऊन आलेली मी. वर्गात पहिली आलेली मी. मी टोपली उतरवली आणि सह्यांच्या टेबलावर ठेवली.

"मी लाभार्थी नाय. यांच्याच वर्गात शिकते. आज मी बोलनार होते."

माझं 'नाय' सर पहिल्या दिवसापासून सुधारत होते. त्या दिवशी ते तोंडातून निघालं आणि मी तसंच राहू दिलं.

माइक कुणी दिला नाही. मी खाली उतरले, लुगड्यावरच कोट चढवला आणि वर्गाच्या रांगेत जाऊन बसले. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण उठले नाही.

घरी आईने विचारलं, "झाला का गो भाषन?" मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ लुगड्याची घडी घालत राहिली.

भाषण अजून पाठ आहे. पुढच्या कराराला मला पुन्हा टोपलीसाठी बोलावतील. मी जाईन. आईचंच लुगडं नेसेन, माझ्या मर्जीने. टोपली घरी राहील.

आधी मी बोलणार. मग सह्या.