वाळवी न लागलेली वही

माझ्या बायकोच्या मामांइतका घातक माणूस अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात नसेल, कारण ते घडलेलं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतात. मामा दातांचे डॉक्टर. शहरातल्या दंतवैद्यांच्या संघटनेचे ते वीस वर्षं सचिव होते, कारण सभेचं इतिवृत्त लिहायची हौस दुसऱ्या कुणालाच नव्हती. ती हौस घरीही सुटत नसे. एकदा आम्ही सगळे वेरूळला गेलो, तर परतल्यावर मामांनी वाचून दाखवलं, 'दुपारी एक वाजता लेणी पुरे झाली, असा ठराव सौभाग्यवतींनी मांडला. जावयांनी अनुमोदन दिलं. कारण, भूक.' जावई म्हणजे मी. एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर राग यायचा.

मागच्या वर्षी बजाजनगरच्या कामगार वस्तीतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याबाहेर दरांची पाटी लावली. कामगारांना आत शिरण्याआधी खर्च कळावा, एवढंच त्यांचं म्हणणं. संघटनेला ते झोंबलं. कुणीही पाटी लावायची नाही, लावेल त्याचं सदस्यत्व रद्द, असा ठराव झाला. बाईंनी सरळ तक्रार ठोकली आणि सरकारच्या ग्राहक संरक्षण खात्याची चौकशी लागली. असा ठराव झालाच नाही, असं सांगायचं सगळ्यांनी ठरवलं. अडचण एकच, मामांची वही. तीत स्वच्छ अक्षरात होतं, 'पाटी लावली की पेशंट घासाघीस करतात, असं पडेगावचे डॉक्टर म्हणाले. सर्वजण हसले. अनुमोदन, सचिव. समोसे गार होते.'

पडेगावचे डॉक्टर म्हणजे मामांचे कॉलेजपासूनचे जिवलग. एका दुपारी तेच घरी आले. मी तिथंच होतो.

"अरे यार, वहीला वाळवी लागली म्हणून सांग ना," ते म्हणाले. "कोण बघायला येतंय? आन् त्यात तुझं बी नाव हाय."

"वाळवी लागली असती तर मी तशी नोंद केली असती," मामा म्हणाले.

"तीस वर्षांची दोस्ती हाय आपली."

"व्हय. पण हे माझ्याच्यानं व्हायचं नाय."

डॉक्टर चहा न घेताच उठले. दुसऱ्या दिवशी मामांनी वही अधिकाऱ्यांच्या हातात दिली, वर कुठलं पान बघायचं तेही सांगितलं. धन्य माणूस!

संघटनेला ठराव मागे घ्यावा लागला, गावभर दवाखान्यांत पाट्या लागल्या. पुढच्याच सभेत मामांना सचिवपदावरून काढलं, तेही एकमतानं, कारण मामांनीही हात वर केला. दसऱ्याला सोनं द्यायला दरवर्षी येणाऱ्यांपैकी एकही डॉक्टर त्या वर्षी फिरकला नाही.

गेल्या महिन्यात मामांची दाढ ठणकू लागली. एवढी वर्षं मामांचे दात पडेगावचे डॉक्टर बघायचे आणि त्यांचे मामा. दुसरीकडे जायला मामा तयार होईनात, म्हणून मीच त्यांना गाडीवर घेऊन गेलो. तिथं नंबर लावून ते इतर पेशंटांत बसले. डॉक्टरांनी हलक्या हातानं दाढ काढली, गोळ्या लिहून दिल्या आणि पाटीवरच्या दरानं पैसे घेतले. आजवर त्यांनी मामांकडून कधी पैसा घेतला नव्हता.

बाहेर आल्यावर मामा गालाला हात लावून म्हणाले, "दर बरोबर लावला त्यानं."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. दाढ काढल्यावर दुखतंच थोडं, असं मी काहीतरी म्हणालो. पण भूल अजून उतरलेली नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.